इंडेक्स आहे, तरी क्वेरी हळू का? एका टेक टॉकच्या तयारीच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२५

प्रस्ताव मंजूर झाला. तीस मिनिटं बोलायचं, दहा मिनिटं प्रश्नांना. श्रोते बहुतेक बॅकएंडवाले, थोडे मोबाइल आणि फ्रंटएंडचेही असतील असं आयोजक म्हणाले. विषय पोस्टग्रेस या डेटाबेसमधले इंडेक्स, म्हणजे हवी ती ओळ पटकन सापडावी म्हणून ठेवलेल्या सूच्या. त्यावर सगळं सांगायला बसलं तर आठवडा पुरणार नाही, म्हणून आजच कुंपण घालून टाकलं: पार्टिशनिंग नाही, व्हॅक्यूम नाही, जिन-जिस्ट नाही, रेप्लिकेशन तर नाहीच. ही सगळी मंडळी ‘नंतर’ नावाच्या फाइलमध्ये.

फाइलच्या माथ्यावर एक वाक्य लिहून ठेवलं: ऐकणाऱ्याने दुसऱ्या दिवशी आपल्याच एका हळू क्वेरीचा (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचा) प्लॅन, म्हणजे ती कशी चालवायची याचा डेटाबेसने ठरवलेला मार्ग, उघडावा आणि पहिली नजर कुठे टाकायची ते त्याला कळावं. ज्या स्लाइडचा या वाक्याशी संबंध नाही ती जाणार, कितीही देखणी असली तरी.

५ नोव्हेंबर

आराखडा लिहिला: इंडेक्स म्हणजे काय, बी-ट्री (इंडेक्सची झाडासारखी रचना), इंडेक्सचे प्रकार, प्लॅनर (प्लॅन ठरवणारा डेटाबेसचा भाग), अडचणी, उपाय. वाचून पाहिला तर पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका. यात पहिली दहा मिनिटं असं काहीही नाही जे समोरच्याला आधीपासून माहीत नसेल. डेव्हलपरची गंमत अशी की ओळखीचं काही सुरू झालं की तो लॅपटॉप उघडतो, आणि एकदा उघडला की तो परत येत नाही.

म्हणून क्रम उलटा केला. पहिल्याच मिनिटाला पडद्यावर क्वेरी, टेबलावर इंडेक्स आहे हे दाखवणारी एक ओळ, आणि लागलेला वेळ. बी-ट्रीची आकृती पहिल्यांदा गरज पडेल तिथेच येईल. ‘माझ्याविषयी’ची स्लाइड काढली, ती माहिती कार्यक्रमपत्रिकेत छापलेली असते.

८ नोव्हेंबर

आजचा दिवस वाचण्यात गेला आणि टॉकचा सांगाडा त्यातूनच हाती आला.

हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मॅझूर आणि त्यांचे सहकारी यांचा २००४ चा एक अभ्यास आहे, वर्गातल्या प्रात्यक्षिकांवर. नुसतं प्रात्यक्षिक पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यामागचं तत्त्व, ते अजिबात न पाहणाऱ्यांपेक्षा फारसं जास्त समजलेलं नव्हतं. ज्यांना आधी ‘काय होईल सांगा’ म्हणून अंदाज करायला लावलं, त्यांची समज मात्र स्पष्टपणे वाढली. अंदाजासाठी लागणारा वेळ अगदी थोडा.

आपल्या क्षेत्रातले डेमो आठवून पाहिले तर हे तंतोतंत पटतं. बोलणारा टर्मिनलमध्ये काहीतरी टाइप करतो, हिरव्या अक्षरांत काहीतरी येतं, सगळे मान डोलावतात. संध्याकाळी विचारलं की ‘छान होता डेमो’ एवढंच हाती लागतं. पाहणाऱ्याने डावावर काही लावलेलंच नसतं, तर निकालाने त्याला धक्का कसा बसणार?

तेव्हा ठरलं: चार क्वेरी, आणि प्रत्येक क्वेरी चालवण्याआधी हात वर करून मत. इंडेक्स वापरला जाईल की नाही? मत घ्यायचं, थांबायचं, मग एंटर दाबायचं. आणि प्रश्न असे निवडायचे की निदान अर्ध्या लोकांचा अंदाज चुकेल. सगळ्यांना बरोबर येणारा प्रश्न विचारणं म्हणजे हजेरी घेणं.

११ नोव्हेंबर

डेमोचा डेटा तयार केला. ‘ऑर्डर’ टेबल, ५० लाख ओळी. स्थिती, ईमेल, देश, तारीख असे स्तंभ. सोबत ग्राहकांचं छोटं टेबल. बहुसंख्य ऑर्डरची स्थिती ‘पूर्ण’, जेमतेम काही शे ‘अडकलेली’.

पहिली क्वेरी: स्थितीवर इंडेक्स आहे, ‘पूर्ण’ ऑर्डर काढायच्या. प्लॅनर सरळ सीक्वेन्शियल स्कॅन करतो, म्हणजे सगळं टेबल क्रमाने वाचतो. तीच क्वेरी ‘अडकलेली’साठी चालवली की इंडेक्स लगेच वापरात. कारण सांगायला दोनच आकडे पुरतात: एक पान क्रमाने वाचण्याची किंमत प्लॅनर १ धरतो आणि उडी मारून वाचण्याची ४. पान म्हणजे डेटाबेस एकदम वाचतो तो ८ केबीचा तुकडा. जवळजवळ प्रत्येक पानावर हवी ती ओळ असेल, तर इंडेक्समधून उड्या मारत जाणं हा निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार. पुस्तकाच्या शेवटच्या सूचीत ‘आणि’ हा शब्द कधीच नसतो. हे एक वाक्य बोलले की बी-ट्रीच्या दोन स्लाइड वाचतात. वाचल्याच. काढून टाकल्या.

आता जो त्रास झाला तो लिहून ठेवते, कारण असा डेमो बांधणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला तो येतो.

प्लॅन पडद्यावर येतो तेव्हा त्यात आपल्याला नको असलेलं बरंच असतं. ५० लाख ओळी म्हटल्यावर पोस्टग्रेस समांतर कामगार (काम वाटून घेणाऱ्या प्रक्रिया) लावतो, मग ‘गॅदर’ची ओळ येते. क्वेरीची किंमत एक लाखाच्या वर गेली की जेआयटीच्या (क्वेरीचा काही भाग ऐनवेळी मशीन कोडमध्ये बदलणाऱ्या सोयीच्या) चार ओळी शेपटाला. श्रोत्यांचे डोळे नेमके तिथे जातात. दोन्ही सेटिंग बंद केल्या. पण बंद केल्याचं टॉकमध्ये एका वाक्यात सांगायचं, नाहीतर कोणी घरी जाऊन चालवलं आणि वेगळं दिसलं की उरलेल्या टॉकवरचाही त्याचा विश्वास उडणार. बिटमॅप स्कॅन मात्र चालू ठेवला. विखुरलेल्या काही शे ओळींसाठी प्लॅनर तोच निवडतो, आणि ‘आधी कोणती पानं लागतील ते इंडेक्समधून गोळा केलं, मग ती पानं क्रमाने वाचली’ एवढ्या वाक्यात तो संपतो.

दुसरा त्रास वेळेचा. पहिल्यांदा चालवली तर क्वेरी हळू, लगेच पुन्हा चालवली तर वेगवान, कारण पानं तोवर मेमरीत आलेली. मंचावर मिलिसेकंद दाखवणं म्हणजे दैवाच्या हवाली होणं. त्याऐवजी बफर्सचे आकडे दाखवायचे: किती पानं मेमरीत सापडली, किती बाहेरून आणली. दोन्हींची बेरीज कितीही वेळा चालवलं तरी जवळपास तीच राहते. आवृत्ती १८ पासून एक्सप्लेन ॲनलाइझ (प्लॅन दाखवणारी आज्ञा) हे आकडे न मागता देतो, तेवढंच टाइप करणं कमी.

१२ नोव्हेंबर

दुसरी क्वेरी झाली. ईमेलवर इंडेक्स, पण क्वेरीत ईमेल आधी लोअर केलेला (सगळी अक्षरं लहान लिपीत). इंडेक्स दुर्लक्षित. उपाय: लोअर केलेल्या रूपावरच इंडेक्स. सोपी आहे, दोन मिनिटांत उरकायची.

१६ नोव्हेंबर

तिसऱ्या क्वेरीने आज चांगलंच वळण घेतलं. इंडेक्स (देश, तारीख) या क्रमाने, क्वेरीत फक्त तारीख. वर्षानुवर्षांचं उत्तर: पहिला स्तंभ नाही, मग इंडेक्सचा उपयोग नाही. आवृत्ती १७ वर चालवली, अपेक्षेप्रमाणे सीक्वेन्शियल स्कॅन. सप्टेंबरमध्ये आलेल्या १८ वर चालवली, तर इंडेक्स वापरला! नवीन ‘स्किप स्कॅन’. देश मोजकेच असल्यामुळे प्रत्येक देशासाठी इंडेक्समध्ये वेगळी उडी मारून ती तारीख शोधली जाते. किती वेळा शोध घेतला तेही प्लॅनमध्ये ‘इंडेक्स सर्चेस’ म्हणून छापून येतं.

दोन पर्याय होते. १७ वरच डेमो करायचा आणि जुना नियम सांगायचा. किंवा दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी दाखवायच्या. दुसराच घेतला. नियम पाठ असलेले लोक याच क्वेरीला सगळ्यात आत्मविश्वासाने हात वर करणार. मत एकदा घ्यायचं, १७ चं उत्तर दाखवायचं, जिंकलेल्यांना क्षणभर खूश होऊ द्यायचं, आणि मग १८. पहिल्या स्तंभात वेगवेगळी मूल्यं फार असली की ही युक्ती परवडत नाही, हेही सांगायचं. स्तंभांचा क्रम आता बिनमहत्त्वाचा झाला असा समज घेऊन कोणी बाहेर पडायला नको.

१९ नोव्हेंबर

स्लाइडवर कोड. एका स्लाइडवर सात-आठ ओळींहून जास्त नाही, आणि बोलण्याशी संबंध असलेली ओळच ठळक, बाकीच्या फिकट. पूर्ण प्लॅन एकदम टाकला की लोक वरून खाली वाचत सुटतात, आणि प्लॅन तर आतून बाहेर वाचायचा असतो. म्हणून आधी सर्वांत आतली ओळ, मग तिच्या बाहेरची.

वाक्यं स्लाइडवरून काढली. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या मल्टिमीडिया शिक्षणावरच्या कामातला एक ठळक निष्कर्ष असा की तोच मजकूर पडद्यावर आणि तोच तोंडी असला की समज घटते. डोळे एका वेगाने वाचतात, कान दुसऱ्या वेगाने ऐकतात. जे मी बोलणार ते स्लाइडवर नाही. जे बोलून सांगता येत नाही, म्हणजे कोड, प्लॅन, आकृती, तेवढंच स्लाइडवर.

लाल-हिरव्यातला फरक रंगावर सोडला नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारातल्या एकाला तो नीट दिसत नाही, इतर समाजांतही असे लोक असतातच. ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे शब्दच लिहिले.

२३ नोव्हेंबर

टीमसमोर पहिली तालीम. तीस मिनिटांचा टॉक चाळिशीपार.

सगळ्यांत कामाचं बोलली ती आमच्यातली मोबाइलवाली. म्हणाली, “अगं, प्लॅनर किंमत काढतो म्हणालीस. पण मला क्वेरी हातातच मिळत नाही, ओआरएम लिहितो. मी उद्या काय करू?” बाकीच्यांच्या सूचना फाँट, वेग आणि विनोद यांच्यावर होत्या. हिचा प्रश्न थेट माथ्यावरच्या वाक्यावर बोट ठेवणारा. ओआरएमचे (कोडवरून क्वेरी आपोआप बनवणाऱ्या लायब्ररीचे) लॉग चालू करून खरी क्वेरी कशी काढायची, ही एक स्लाइड वाढली. वेळ आधीच जास्त, त्यात ही भर. पण तिच्याशिवाय निम्म्या सभागृहाला घरी नेण्यासारखं काही नाही.

डेटाबेस सांभाळणाऱ्या आमच्या ज्येष्ठ डीबीएंनी शेवटी एवढंच विचारलं, “एक्सप्लेन ॲनलाइझ क्वेरी खरोखर चालवतो, हे सांगितलंत का?” सांगितलं होतं, पण ओझरतं. आता त्याला स्वतःची स्लाइड: डिलीटचा प्लॅन पाहायचा तर ट्रान्झॅक्शन सुरू करा, पाहा, रोलबॅक करून बदल मागे घ्या. कोणीतरी सोमवारी प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या चालू डेटाबेसवर, नक्की करून पाहणार.

२६ नोव्हेंबर

कापाकापी. हॅश इंडेक्स गेला, कव्हरिंग इंडेक्स गेला, प्लॅनर कसा विकसित झाला याचा माझा लाडका तुकडा गेला. जड मनाने ‘नंतर’ फाइलमध्ये.

चौथी क्वेरी राखली, कारण शेवटाला तीच शोभते. ५० लाखांच्या टेबलात आजच्या तारखेच्या दोन लाख ऑर्डर एकगठ्ठा भरायच्या आणि लगेच आजच्या ऑर्डर ग्राहकांशी जोडून मागायच्या. प्लॅनरचा अंदाज काही हजार ओळींचा, प्रत्यक्षात दोन लाख; म्हणून तो नेस्टेड लूप (एकेक ओळ घेऊन तिची जोडी शोधणं) निवडतो आणि क्वेरी रखडते. लोक म्हणतात, ऑटोव्हॅक्यूम, ती आपोआप चालणारी देखभाल, प्लॅनरची आकडेवारी ताजी करेलच की! तिथेच मेख आहे. मूळ सेटिंगनुसार टेबलाच्या १० टक्के आणि वर ५० ओळी बदलल्याशिवाय तो आकडेवारीला हात लावत नाही. म्हणजे इथे पाच लाखांच्या वर. दोन लाखांनी त्याला जागच येत नाही. टेबल जितकं मोठं तितका आजचा दिवस प्लॅनरला अदृश्य. हाताने ॲनलाइझ (आकडेवारी गोळा करणारी वेगळी आज्ञा) चालवलं की आजची तारीख वारंवार येणाऱ्या मूल्यांच्या यादीत येते, अंदाज दोन लाखांच्या जवळ जातो, हॅश जॉइन (एका टेबलाची यादी करून दुसरं तिच्याशी एकदाच ताडणं) येतो.

अंदाजित ओळी आणि प्रत्यक्ष ओळी, यांच्यातली तफावत. पहिली नजर टाकायची ती इथे. संपूर्ण टॉकमधून एवढं एक गेलं तरी पुरे.

३० नोव्हेंबर

डेमो थेट की ध्वनिचित्रमुद्रित? थेटच. मत घेतल्यावर रेकॉर्डिंग लावलं तर पत्ते आधीच लावून ठेवल्यासारखं वाटतं. पण टाइप करत बसायचं नाही. क्वेरी फाइलमध्ये क्रमाने, एका कळीवर एक. डेटाबेस लॅपटॉपवरच, नेटवर्कची गरज शून्य. अगदीच घात झाला तर आस्कीनेमात नोंदवलेलं सत्र तयार आहे. ते टर्मिनलमधला मजकूरच साठवतं, त्यामुळे अक्षरं धूसर होत नाहीत.

बिघडलं तर किती झटायचं तेही आधी ठरवलं: अर्धा मिनिट. लोकांसमोर डीबगिंग पाहायला मजा फक्त शेजाऱ्याला येते.

४ डिसेंबर

सभागृहाचे फोटो आले. मोठ्या खिडक्या, पडदे अर्धे. गडद थीम रद्द. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. पडद्यावरचं काळं म्हणजे खोलीतल्या उजेडात पडदा जेवढा उजळ दिसेल तेवढंच. उजेडाच्या खोलीत गडद थीमचा सगळा कॉन्ट्रास्ट तिथेच वाहून जातो. पांढऱ्यावर काळं. कॉन्ट्रास्ट तपासला, वेबसाठीचा किमान निकष ४.५ ला १ आहे, इथे त्याच्या कितीतरी वर ठेवला.

९ डिसेंबर

तारखेवरून आठवलं. १९६८ साली आजच्याच दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत संगणक संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांनी दीड तासाचं प्रात्यक्षिक दिलं: माउस, हायपरटेक्स्ट, एकाच दस्तऐवजावर दोघांचं काम, पडद्यावर दुसऱ्या गावातल्या सहकाऱ्याचा चेहरा. संगणक सुमारे ५० किलोमीटरवर मेन्लो पार्कमध्ये, दुवा मायक्रोवेव्हचा आणि टेलिफोन तारेचा. आणि मी लॅपटॉपवरच्या डेटाबेसची धास्ती घेऊन बसले आहे.

संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपर यांचंही नाव ‘नंतर’ फाइलमध्ये आहे. त्या श्रोत्यांना सुमारे ३० सेंटिमीटर तारेचा तुकडा वाटायच्या: प्रकाश एका नॅनोसेकंदात एवढंच जातो. अमूर्त आकडा हातात देण्याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही. ८ केबीच्या पानासाठी असं काही सुचतं का, यावर तास घालवला. सुचलं नाही. ओढूनताणून आणण्यापेक्षा नसलेलं बरं.

१२ डिसेंबर

सभागृहात जाऊन लॅपटॉप लावून पाहिला. सर्वांत मागच्या रांगेत बसून प्लॅन वाचला. फाँट आणखी दोन पायऱ्या वाढवला. पडद्याचा खालचा पाचवा भाग पुढच्या डोक्यांमागे जातो, म्हणून टर्मिनल वरच्या भागात ओढला. सूचना बंद, स्क्रीन लॉक बंद, चार्जर पिशवीत.

१३ डिसेंबर

झाला टॉक.

पहिल्या क्वेरीला हात वर होईनात. तयारीत एक गोष्ट टिपून ठेवली होती: शिक्षण संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम सेकंदभर थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, एरवी गप्प राहणारेही बोलतात. मंचावर तीन सेकंद ही फार लांबलचक गोष्ट आहे. थांबले. मनात मोजलं. मधल्या रांगेत दोन हात, मग त्यांच्याकडे बघून दहा, मग बरेच. बहुमत ‘इंडेक्स वापरेल’कडे. एंटर. सीक्वेन्शियल स्कॅन. जी कुजबुज उठली ती माझ्या कुठल्याही वाक्याने उठली नसती.

एक बदल ऐनवेळी केला. ‘नाही वापरणार’ म्हणणाऱ्या एकाला कारण विचारलं. त्याने पानं मोजण्याचा मुद्दा माझ्यापेक्षा आटोपशीर सांगितला, आणि माझी पुढची स्लाइड मी न बोलता पुढे ढकलली. श्रोत्यांतल्या माणसाने दिलेलं स्पष्टीकरण इतर श्रोते जास्त लक्ष देऊन ऐकतात असं दिसलं.

तिसऱ्या क्वेरीला अंदाजाप्रमाणेच झालं. १७ ला टाळ्या, १८ ला मागून कोणीतरी “अरेच्चा!” म्हणालं आणि सभागृह हसलं. लिहून आणलेला एकही विनोद इतका चालला नाही. खरं तर लिहून आणलेला एकच होता आणि तो पडला.

चौथीला लॅपटॉप मिटलेले दिसत होते. ॲनलाइझआधीचा प्लॅन पडद्यावर ठेवून फक्त एवढंच विचारलं, “यात न पटणारा आकडा कोणता?” दोन-तीन ठिकाणांहून एकदम उत्तर आलं. माझं काम तिथेच झालं होतं. पुढचं स्पष्टीकरण मी निम्मं केलं आणि वाचलेला वेळ प्रश्नांना दिला.

प्रश्नांत एक चांगला आला: मग स्थितीवरचा इंडेक्स काढूनच टाकायचा का? उत्तर दिलं, फक्त ‘अडकलेली’ ओळींपुरता आंशिक इंडेक्स करा; काही शे ओळींचा, म्हणजे नगण्य आकाराचा. त्यावर लगेच दुसरा: ओआरएम मूल्य क्वेरीत न लिहिता पॅरामीटर म्हणून वेगळं पाठवतो, तेव्हाही तो वापरला जाईल का? यावर “पडताळून कळवते” म्हटलं आणि सगळ्यांसमोर लिहून घेतलं.

१५ डिसेंबर

तो प्रश्न चालवून पाहिला. प्रिपेअर्ड स्टेटमेंटच्या (एकदा तयार करून पुन्हा पुन्हा चालवलेल्या क्वेरीच्या) पहिल्या पाच खेपांना पोस्टग्रेस प्रत्यक्ष मूल्य बघून प्लॅन करतो, तेव्हा आंशिक इंडेक्स वापरला जातो. नंतर तो पॅरामीटर अज्ञात धरून सर्वसाधारण प्लॅन करून बघतो. त्यात पॅरामीटर ‘अडकलेली’च असेल याची खात्री नसल्याने आंशिक इंडेक्स बाद. पण तो प्लॅन महाग निघाला, तर पोस्टग्रेस मूल्य बघूनच प्लॅन करत राहतो. इथे तसंच झालं. सर्वसाधारण प्लॅनची सक्ती केलेली असेल तेव्हाच इंडेक्स हातचा जातो. उत्तर लिहून विचारणाऱ्याला पाठवलं, आणि डेमोच्या फाइलींत ‘पाचवी क्वेरी’ म्हणून जोडलं. स्लाइड, डेटा तयार करणारी स्क्रिप्ट आणि बंद केलेल्या सेटिंगची यादी त्याच ठिकाणी ठेवली आहे.